खेळातून इंजिनाकडे : नवशिक्यांसाठी साध्या गेम इंजिनाची उभारणी

सारांश

संगणकीय खेळांच्या निर्मितीकडे वळणारा विद्यार्थी बहुधा दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर तो तयार इंजिन वापरून खेळ उभा करतो आणि त्या इंजिनाच्या अंतरंगाविषयी अनभिज्ञ राहतो; किंवा सर्व काही सामावून घेणारे इंजिन आधी बांधण्याचा संकल्प करतो आणि सत्र संपले तरी त्याच्या हाती एकही खेळ लागत नाही. प्रस्तुत लेखात तिसरी वाट सुचविली आहे. आधी एक लहान खेळ पूर्ण करावा, त्यानंतर दुसरा करावा आणि दोहोंत समान आढळलेला भाग वेगळा काढावा. तोच भाग म्हणजे इंजिन होय. या वाटेवरील सर्वांत महत्त्वाचा टप्पा चित्रांचा नसून काळाच्या मोजणीचा आहे, हे लेखात सोदाहरण स्पष्ट केले आहे. टक्करांचे परीक्षण, मराठी मजकुराचे चित्रण आणि प्रकल्पाचे मूल्यमापन यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : गेम इंजिन, गेम लूप, स्थिर कालटप्पा, टक्कर-परीक्षण, देवनागरी मजकूर, प्रकल्पाधारित अध्यापन.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्प-परीक्षेत घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे उचित ठरेल. एका विद्यार्थ्याने चेंडू आणि फळीचा साधा खेळ तयार केला होता. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर तो चार महिने सुरळीत चालत होता. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तोच प्रोग्राम आपल्या नव्या लॅपटॉपवर सुरू केला. चेंडू पडद्यावर क्षणभर चमकला आणि फळी हलविण्यापूर्वीच डाव संपला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. "सर, काल रात्रीपर्यंत नीट चालत होता," एवढेच तो विद्यार्थी सांगू शकला. त्याच्या प्रोग्राममध्ये भाषेच्या व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्यात फक्त काळ नव्हता. चेंडूने दर फेरीला किती सरकावे हे लिहिलेले होते. दर सेकंदाला किती सरकावे हे कोठेही लिहिलेले नव्हते.

त्या प्रकल्पाचा मार्गदर्शक प्रस्तुत लेखकच होता. त्यामुळे ही चूक विद्यार्थ्याची जितकी होती तितकीच मार्गदर्शकाचीही होती. 'खेळ दुसऱ्या संगणकावर चालवून पाहिला का?' हा साधा प्रश्न चार महिन्यांत एकदाही विचारला गेला नव्हता. अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना, मग ते संगणकशास्त्राचे असोत वा अन्य विषयाचे, नेमके काय विचारावे आणि कोणत्या क्रमाने विचारावे हे सांगता यावे, या हेतूने हे लेखन केले आहे.

१. गेम इंजिन : संकल्पना

पत्त्यांचा एकच जोड घेऊन रमी खेळता येते, बदाम सात खेळता येते आणि त्यातून तीस पत्ते निवडून पाच-तीन-दोनही खेळता येते. पत्ते तेच राहतात, नियम बदलतात. संगणकीय खेळातही असाच भेद करता येतो. खिडकी उघडणे, कळफलकावरील कळ ओळखणे, काळ मोजणे, वस्तूंची स्थिती बदलणे, त्या एकमेकींवर आदळल्या का हे तपासणे, चित्र काढणे, ध्वनी वाजविणे ही कामे जवळजवळ प्रत्येक खेळात करावी लागतात. गुण केव्हा मिळावेत, डाव केव्हा संपावा, शत्रूने कसे वागावे या गोष्टी मात्र प्रत्येक खेळाच्या स्वतःच्या असतात. पहिल्या प्रकारच्या कामांचा जो संच खेळ बदलला तरी बदलावा लागत नाही, त्याला गेम इंजिन असे म्हणता येईल.

या व्याख्येतूनच एक व्यावहारिक अडचण उद्भवते. काय बदलते आणि काय बदलत नाही, हे एकही खेळ पूर्ण न केलेल्या व्यक्तीला कसे कळावे? अनुभवापूर्वी केलेली ही विभागणी अंदाजावर आधारलेली असते आणि नवशिक्याचा अंदाज बहुधा चुकतो. त्रिमितीय प्रकाशयोजना, जाळ्यावरील खेळ, पटकथेची स्वतंत्र भाषा अशी यादी वाढत जाते आणि पडद्यावर साधा चेंडूही उडत नाही.

२. इतिहासाची साक्ष

संगणकीय खेळांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा 'पाँग' आला. त्यात प्रोग्राम नव्हताच, संपूर्ण खेळ विद्युत्-मंडलांतून साकारला होता. त्या काळात खेळ आणि यंत्रणा वेगळ्या करण्याचा प्रश्न उद्भवला नव्हता.

१९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सने 'मॅनिॲक मॅन्शन' हा साहसकथेवर आधारित खेळ प्रसिद्ध केला. त्यातील प्रसंग लिहिणे सोपे व्हावे म्हणून एक पटकथा-यंत्रणा तयार करण्यात आली होती. तिचे 'स्कम' हे नाव त्याच खेळाच्या नावातील आद्याक्षरे घेऊन बनले होते. पुढे १९९० च्या 'मंकी आयलंड'सह त्या संस्थेचे अनेक खेळ याच यंत्रणेवर उभे राहिले. १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअरने 'डूम' प्रसिद्ध केला. त्यातील नकाशे, चित्रे व ध्वनी मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलींत ठेवले होते. परिणामी मूळ यंत्रणेला फारसा धक्का न लावता नवे खेळ रचता येऊ लागले; १९९४ चा 'हेरेटिक' हा दुसऱ्या संस्थेने तयार केलेला खेळ 'डूम'च्याच यंत्रणेवर आधारलेला होता. 'गेम इंजिन' ही संज्ञा रूढ झाली ती याच सुमारास.

आज सर्वपरिचित असलेल्या 'युनिटी'ची कथाही अशीच आहे. तिच्या निर्मात्यांनी २००५ मध्ये 'गूबॉल' नावाचा खेळ बाजारात आणला. खेळाला यश लाभले नाही. परंतु तो करताना घडविलेली साधनेच अधिक मोलाची आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. या उदाहरणांत एक सूत्र दिसते. येथे इंजिन आधी आणि खेळ नंतर असे घडलेले नाही. खेळ करता करता इंजिन घडत गेले. अनुभवी मंडळींनाही जी वाट सोयीची ठरली, ती नवशिक्याने सोडण्याचे कारण नाही.

३. आरंभबिंदू आणि साधने

'सर्व काही स्वतः लिहिणे' या आग्रहालाही मर्यादा घालावी लागते. खिडकी उघडणे किंवा ध्वनिफितीचे अंश हार्डवेअरपर्यंत पोहोचविणे ही कामे कार्यप्रणालीनुसार बदलतात आणि त्यातून खेळाविषयी फारसे काही शिकायला मिळत नाही. त्यासाठी मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत. सी किंवा सी++ जाणणाऱ्यांसाठी सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले एसडीएल आणि २०१३ मध्ये आलेले रेलिब, तर पायथन जाणणाऱ्यांसाठी २००० पासून उपलब्ध असलेले पायगेम पुरेसे आहे. विद्यार्थ्याला जी भाषा आधीच येते तीच निवडावी. नवी भाषा आणि नवा विषय एकाच सत्रात हाताळल्यास अडचण कोणत्या बाजूची आहे हेच उमगत नाही.

पहिला खेळ शक्य तितका लहान असावा. दोन फळ्या, एक चेंडू आणि गुणांचा आकडा एवढे पुरे. मात्र तो पूर्ण असावा. म्हणजे त्याला आरंभ असावा, हार-जीत असावी आणि डाव पुन्हा सुरू करता यावा. अपूर्ण मोठ्या खेळापेक्षा पूर्ण लहान खेळ अधिक शिकवतो, कारण इंजिनाच्या बहुतेक गरजा खेळ पूर्ण करतानाच समोर येतात.

४. गेम लूप : खेळाचे आवर्तन

सामान्य प्रोग्राम माहिती घेतो, हिशेब करतो, उत्तर देतो आणि थांबतो. खेळ तसा थांबत नाही. खेळाडूने काहीही केले नाही तरी चेंडू पुढे जातच असतो. म्हणून खेळाच्या मुळाशी अखंड फिरणारे एक आवर्तन असते. त्यालाच गेम लूप म्हणतात. प्रत्येक फेरीत तीन कामे क्रमाने होतात : खेळाडूकडून आलेल्या सूचना वाचणे, खेळातील जगाची स्थिती पुढे नेणे आणि त्या स्थितीचे चित्र काढणे.

सूचना वाचताना एक भेद लक्षात ठेवावा. 'कळ आत्ता दाबली गेली' ही घटना होय. 'कळ दाबलेली आहे' ही स्थिती होय. फळी सरकविण्यासाठी स्थिती पाहावी लागते, तर उडी मारण्यासाठी घटना. हा भेद न केल्यास एकदा कळ दाबून धरली की पात्र उड्या मारीतच राहते. तसेच खेळाच्या नियमांत कळांची नावे लिहू नयेत. 'उडी', 'डावीकडे', 'उजवीकडे' अशी कृतींची नावे वापरावीत आणि कोणती कळ कोणत्या कृतीसाठी आहे याची यादी एकाच ठिकाणी ठेवावी. पुढे भ्रमणध्वनीच्या स्पर्शपडद्यासाठी तोच खेळ करताना फक्त ती यादी बदलते.

चित्र काढतानाही क्रम महत्त्वाचा असतो. नाटकात दृश्यबदल प्रेक्षकांसमोर केला जात नाही. पडदा पाडून, मांडणी पूर्ण करून मगच तो उघडला जातो. त्याचप्रमाणे संगणकात चित्र आधी स्मृतीतील अदृश्य पृष्ठावर पूर्ण केले जाते आणि मग ते पृष्ठ एकदम दर्शनी केले जाते. अन्यथा अर्धवट रेखाटने दिसून चित्र लुकलुकते.

तिन्ही कामे परस्परांपासून वेगळी ठेवणे ही इंजिनाच्या दिशेने पडलेली पहिली पायरी होय. विशेषतः चित्र काढणाऱ्या भागाने स्थिती केवळ वाचावी, बदलू नये. हा नियम पाळला तरच पुढील कलमातील काळाचा प्रश्न सोडविता येतो.

५. काळाचा प्रश्न

प्रस्तावनेतील प्रसंगाकडे आता वळू. समजा, चेंडू दर फेरीला ५ बिंदू सरकतो. संगणक सेकंदाला ६० फेऱ्या करीत असेल तर चेंडूचा वेग सेकंदाला ३०० बिंदू होतो आणि ६४० बिंदू रुंदीचा पडदा तो सुमारे २.१ सेकंदांत पार करतो. तोच प्रोग्राम सेकंदाला १४४ फेऱ्या करणाऱ्या संगणकावर नेल्यास वेग ७२० होतो आणि पडदा ०.९ सेकंदात संपतो. फेऱ्यांवर कोणतेच बंधन नसेल तर चेंडू डोळ्यांना दिसतही नाही.

ही समस्या जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इनव्हेडर्स' या जपानी खेळात पडद्यावर आरंभी ५५ शत्रू असत आणि एका वेळी एकच आकृती सरकविली जाई. शत्रू मारले गेले की उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते अधिकाधिक वेगाने चाल करून येत. तेथे ही मर्यादाच खेळाची रंगत ठरली. परंतु असे भाग्य क्वचितच लाभते. पुढे वैयक्तिक संगणक वेगवान होत गेले तेव्हा जुने खेळ अनावर वेगाने पळू लागले. त्या काळच्या अनेक संगणकांवर 'टर्बो' नावाचे बटण असे. नावाच्या उलट, त्याचा एक उपयोग संगणकाचा वेग कमी करून जुने प्रोग्राम चालविण्यासाठी होत असे.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा : मागील फेरीपासून किती काळ लोटला हे मोजावे आणि वेगाला त्या काळाने गुणून अंतर काढावे. चेंडू सरळ रेषेत जात असेल तर हा उपाय पुरेसा आहे. परंतु गुरुत्वाकर्षण आले की तो अपुरा ठरतो. एक उदाहरण पाहू. एखादे पात्र सेकंदाला ६०० बिंदू वेगाने वर उडी मारते आणि गुरुत्वीय त्वरण १२०० आहे. शाळेतील सूत्रानुसार, म्हणजे वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागून, उडीची उंची १५० बिंदू येते. संगणक मात्र उडी तुकड्यातुकड्यांनी मोजतो : प्रत्येक टप्प्यात आधी वेग कमी करतो आणि मग त्या वेगाने स्थान बदलतो. सेकंदाला ६० टप्पे असतील तर ही उंची १४५ येते. ३० टप्पे असतील तर १४०. आणि १० टप्पे असतील तर केवळ १२०. वाटेत १४२ बिंदू उंचीची भिंत असेल तर वेगवान संगणकावरील खेळाडू ती ओलांडतो आणि मंद संगणकावरील खेळाडू कितीही कुशल असला तरी आपटतो. हा अन्याय खेळाच्या नियमांनी केलेला नाही. तो गणनेच्या टप्प्याने केलेला आहे.

गणिताच्या प्राध्यापकांना यात ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धती दिसेल. वेग आणि स्थान बदलणाऱ्या दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे आधी स्थान व नंतर वेग बदलला, तर ६० टप्प्यांत उंची १५५ येते. अवकल समीकरणांचे संख्यात्मक उत्तर टप्प्याच्या लांबीवर कसे अवलंबून असते, हे विद्यार्थ्याला फळ्यावरील समीकरणापेक्षा या उडीतून अधिक लवकर पटते.

योग्य उपाय असा की खेळाच्या जगाचा टप्पा स्थिर ठेवावा, उदाहरणार्थ एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.६७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात लोटलेला काळ एका खात्यात जमा करीत जावे. खात्यातील शिल्लक एका टप्प्याइतकी किंवा अधिक असेल तोवर जगाला एकेक टप्पा पुढे न्यावे आणि तेवढा काळ खात्यातून वजा करावा. समजा, एखाद्या फेरीला ४० मिलिसेकंद लागले. तर दोन टप्पे घेतले जातील, ३३.३३ मिलिसेकंद खर्च होतील आणि ६.६७ मिलिसेकंद पुढील फेरीसाठी शिल्लक राहतील. संगणक वेगवान असो वा मंद, प्रत्येक टप्पा समान असल्याने उडी सर्वत्र सारख्याच उंचीची येते. तबल्याचा ठेका स्थिर असला की गायकाला विस्तार करण्यास मोकळीक मिळते, तद्वत टप्पा स्थिर असला की चित्रण संगणकाच्या कुवतीनुसार मंद वा जलद होऊ शकते. शिल्लक काळाच्या प्रमाणात मागील व चालू स्थितींच्या मधले स्थान काढून चित्र रेखाटल्यास हालचाल अधिक सलग दिसते.

येथे एक धोका सांगणे आवश्यक आहे. एका टप्प्याच्या गणनेलाच १६.६७ मिलिसेकंदांहून अधिक काळ लागत असेल तर खात्यातील थकबाकी दर फेरीला वाढत जाते आणि ती फेडण्याच्या प्रयत्नात खेळ गोठतो. सावकारी व्याजासारखीच ही अवस्था होय. म्हणून एका फेरीत जमा होणाऱ्या काळाला कमाल मर्यादा, उदाहरणार्थ पाव सेकंद, घालावी. त्यापलीकडे खेळ मंदावेल, पण कोसळणार नाही.

स्थिर टप्प्याचा आणखी एक लाभ आहे. खेळातील यदृच्छ संख्यांचे बीज निश्चित ठेवले तर त्याच संगणकावर, त्याच सूचना त्याच टप्प्यांवर दिल्यास संपूर्ण डाव जसाच्या तसा पुन्हा घडतो. 'डूम' सेकंदाला ३५ टप्पे घेत असे आणि त्यातील मुद्रित डावांत चित्रे नव्हे, तर खेळाडूच्या टप्प्यागणिक सूचनाच साठविल्या जात. विद्यार्थ्याने ही सोय केल्यास 'मघाशी चूक झाली होती, आता होत नाही' ही तक्रार उरत नाही. चुकीचा डाव पुन्हा चालवून ती शोधता येते.

६. टक्करांचे परीक्षण

दोन आयत एकमेकांवर आले आहेत का, हे चार तुलनांत ठरविता येते. एकाची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेच्या डावीकडे असेल, किंवा याच्या उलट असेल, तर टक्कर नाही. वरच्या व खालच्या कडांबाबतही तसेच. यांपैकी एकही गोष्ट खरी नसेल तर टक्कर झाली. आरंभी सर्व वस्तूंना आयत मानणे पुरेसे असते. पात्राच्या चित्राला हात-पाय असले तरी खेळाडूला आयताचा हिशेब सहसा खटकत नाही.

दोन अडचणी मात्र हमखास येतात. पहिली आरपार जाण्याची. चेंडू ८ बिंदू रुंद, फळी ८ बिंदू जाड आणि वेग सेकंदाला १२०० बिंदू असेल तर चेंडू एका टप्प्यात २० बिंदू सरकतो. दोहोंची एकत्रित जाडी १६ च असल्याने एका टप्प्यात चेंडू फळीच्या अलीकडे आणि पुढच्या टप्प्यात पलीकडे असू शकतो; स्पर्श झाल्याची नोंदच होत नाही. वेगवान वस्तूसाठी एक टप्पा अनेक उपटप्प्यांत विभागणे किंवा दोन स्थानांना जोडणारी रेषा फळीला छेदते का हे पाहणे, हे त्यावरील सोपे उपाय होत.

दुसरी अडचण संख्येची. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूशी ताडून पाहिल्यास १०० वस्तूंसाठी ४,९५० आणि १,००० वस्तूंसाठी ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागतात. पडद्याचे चौकोनी खाने पाडून जवळच्या खान्यांतील वस्तूच ताडल्यास हे काम पुष्कळ घटते. तथापि पहिल्या खेळात वस्तू दहा-वीसच असतात. जी अडचण अद्याप आलेली नाही तिच्यावर उपाय लिहिण्यात वेळ दवडू नये; ती आली की उपाय लिहावा.

७. मराठी मजकुराचा प्रश्न

खेळाच्या पडद्यावर मजकूर दाखविण्याची सर्वांत साधी पद्धत अशी : प्रत्येक अक्षराचे चित्र साठवावे आणि एकापुढे एक मांडावे. रोमन लिपीसाठी ती बऱ्यापैकी चालते. देवनागरीसाठी चालत नाही. 'विद्यार्थी' या शब्दात युनिकोडचे १० संकेत आहेत, परंतु डोळ्यांना दिसतात ती तीनच अक्षरे. पहिल्या अक्षरात वेलांटीचा संकेत 'व'नंतर साठविलेला असतो, पण ती काढायची असते 'व'च्या आधी. 'द' आणि 'य' यांचे जोडाक्षर होते. 'र' साठविला जातो 'थ'च्या आधी, मात्र रफार म्हणून दिसतो तो अक्षराच्या शेवटी, वर. शिवाय मराठीत 'सूर्याला' आणि 'वाऱ्याला' यांतील 'र'ची रूपे वेगळी असतात.

याचा परिणाम असा होतो की विद्यार्थ्याने हौसेने मराठी खेळ करावा आणि पडद्यावर सुट्या वेलांट्या व पाय मोडलेली अक्षरे उमटावीत. मग तो इंग्रजीकडे वळतो. दोष भाषेचा नसतो. मजकूर काढण्यापूर्वी अक्षररूपे जुळविण्याचा टप्पा वगळलेला असतो. 'हार्फबझ' हे मुक्तस्रोत साधन हेच काम करते आणि त्याचा आधार असलेले मजकूर-चित्रणाचे साधन निवडल्यास प्रश्न सुटतो. नवशिक्यासाठी त्याहून सोपा मार्गही आहे : 'डाव संपला', 'पुन्हा खेळा' यांसारखी ठरावीक वाक्ये आधीच चित्ररूपात तयार ठेवावीत आणि सतत बदलणारे गुण ० ते ९ या देवनागरी अंकांच्या दहा चित्रांतून दाखवावेत, अंकांना जोडाक्षरे नसतात. मराठी विभाग आणि संगणक विभाग यांना एकत्र काम करण्यासारखा हा विषय आहे.

८. दुसरा खेळ आणि इंजिनाचा जन्म

पहिला खेळ पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत काढून दुसरा खेळ सुरू करावा. फळी, चेंडू आणि विटा फोडण्याचा खेळ त्यासाठी योग्य आहे. अटारीनेही 'पाँग'नंतर १९७६ मध्ये 'ब्रेकआउट' हा अशाच स्वरूपाचा खेळ आणला होता. या वेळी विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसू लागते की आवर्तन, काळाचे खाते, कळांची यादी, आयतांची टक्कर आणि चित्रणाचा भाग तसाच वापरता आला. गुणांचे नियम, विटांची मांडणी आणि डाव संपण्याची अट मात्र नव्याने लिहावी लागली. पहिला गट एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावा आणि दोन्ही खेळ त्याच्यावर पुन्हा चालवून पाहावेत. ज्या क्षणी दोन्ही खेळ एकाच सामाईक भागावर चालतात, त्या क्षणी इंजिन अस्तित्वात येते.

यासाठी एक नियम उपयोगी पडतो : जे दोन खेळांत लागले तेच इंजिनात जावे. केवळ 'पुढे कधीतरी लागेल' म्हणून काहीही त्यात घालू नये. सामाईक भागात 'चेंडू', 'वीट' असे शब्द आढळले तर विभागणी अपुरी आहे असे समजावे.

याच टप्प्यावर माहिती प्रोग्रामपासून वेगळी करावी. विटांची मांडणी साध्या मजकूर-फाइलीत ओळीओळीने लिहिता येते. एक चिन्ह म्हणजे एक वीट, मोकळी जागा म्हणजे वीट नाही. असे केल्यास प्रोग्रामिंग न येणारा मित्रही नवा टप्पा रचू शकतो. 'डूम'ने ज्या कारणासाठी नकाशे वेगळ्या फाइलींत ठेवले, त्याच कारणाची ही लहान आवृत्ती होय.

९. अध्यापन व मूल्यमापन

बारा आठवड्यांच्या सत्रात या कामाची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिले दोन आठवडे खिडकी, आवर्तन आणि कळांसाठी. तिसरा व चौथा आठवडा स्थिर टप्प्यासाठी. पाचवा व सहावा टक्करांसाठी. सातव्या आठवड्याअखेर पहिला खेळ पूर्ण. आठ ते दहा या आठवड्यांत दुसरा खेळ, अकराव्यात सामाईक भाग वेगळा काढणे आणि बाराव्यात लेखी अहवाल.

मूल्यमापन करताना चित्रांच्या आकर्षकतेपेक्षा पुढील प्रश्नांना महत्त्व द्यावे. खेळ दोन भिन्न वेगांच्या संगणकांवर सारखाच चालतो का? उडीची उंची किंवा चेंडूचा वेग दोन्हीकडे मोजून अहवालात नोंदविला आहे का? सामाईक भागाला धक्का न लावता नियम बदलता येतात का? मुद्रित केलेला डाव पुन्हा तसाच घडतो का? या प्रश्नांची उत्तरे पाहण्यासाठी परीक्षक खेळांचा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. घड्याळ, दोन संगणक आणि अर्धा तास पुरेसा आहे.

तयार इंजिने असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. व्यावसायिक निर्मितीसाठी तयार इंजिनच वापरावे, यात दुमत नाही. २०१४ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या 'गोडो'सारखी इंजिने विनामूल्यही मिळतात. परंतु त्या इंजिनांतही स्थिर टप्प्याचे आणि चित्रणाचे स्वतंत्र विभाग असतात. हे दोन विभाग वेगळे का आहेत हे ज्याने स्वतःच्या चेंडूवर अनुभवले आहे, तो ते जाणीवपूर्वक वापरतो. इतरांना ती केवळ दोन अपरिचित नावे वाटतात.

समारोप

साधे गेम इंजिन उभारणे हे नवशिक्याच्या आवाक्यातील काम आहे. मात्र ते इंजिनापासून नव्हे, खेळापासून सुरू करावे लागते. एक लहान खेळ पूर्ण करणे, त्यातील काळ संगणकाच्या वेगापासून मुक्त करणे, दुसरा खेळ करणे आणि दोहोंतील समान भाग वेगळा काढणे, हा क्रम पाळल्यास विद्यार्थ्याच्या हाती दोन चालते खेळ आणि त्याला स्वतःला समजलेले एक इंजिन राहते. भौतिकशास्त्र, गणित, भाषा आणि संगणक यांचा असा मेळ पदवीस्तरावरील फार थोड्या प्रकल्पांत साधतो.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने परीक्षेनंतर आठवड्याभरात तो प्रोग्राम दुरुस्त करून आणला. बदल जेमतेम दहा-बारा ओळींचा होता. गुणपत्रिकेवर त्याचा काही परिणाम होण्याची वेळ टळून गेली होती. तरीही जुना संगणक आणि नवा लॅपटॉप शेजारी ठेवून, दोन्हींवरील चेंडू एकाच वेगाने जात असल्याचे त्याने दाखविले. तेव्हापासून प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारण्याचा प्रघात प्रस्तुत लेखकाने ठेवला आहे : तुमच्या खेळात एक सेकंद किती मोठा आहे?